वायर गेली, अंतर तसंच राहिलं : वायरलेस फॉलो फोकसबद्दल

(हा भाग मी एकट्यानेच बोललोय. लिहून काढताना ‘म्हणजे’ आणि ‘काय झालं’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणे नाहीत. गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा आलेला एक प्रश्न घेऊन बसलोय. प्रश्न साधारण असा असतो : “दादा, शॉर्ट फिल्म करतोय. कुठला वायरलेस फॉलो फोकस घेऊ?” विचारणाऱ्यांपैकी कोणाकडे स्वतःचा मिररलेस कॅमेरा असतो, कोणी पहिल्यांदाच सिने लेन्सचा सेट भाड्याने आणणार असतो. सगळ्यांना एका ओळीत उत्तर हवं असतं.

चार नावं सांगून हा भाग पाच मिनिटांत संपवता येईल. नावं सांगतोच, काळजी करू नका. पण त्याआधी मला माझा एक गेलेला शॉट सांगायचाय. उत्तम गिअर हातात होता, बॅटऱ्या फुल होत्या, तरी गेला. तो का गेला हे कळलं, की कुठला गिअर घ्यायचा हे निम्मं आपोआप कळतं.

जे सिनेमाच्या कामात नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. फोकस पुलर म्हणजे कॅमेरा टीममधला तो माणूस, ज्याचं काम एकच : शॉट चालू असताना लेन्सचा फोकस योग्य माणसावर ठेवणं. कॅमेरा चालवणारा वेगळा, फ्रेम ठरवणारा वेगळा. नट चालत पुढे आला, मागे गेला, खुर्चीत बसला, की लेन्सवरची रिंग आम्ही फिरवतो. नीट जमलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर थिएटरमधल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं.

किती बारीक काम आहे, त्याचा एक हिशोब देतो. सुपर ३५ सेन्सरचा कॅमेरा, ५० एमएमची लेन्स, टी २ वर उघडलेली, नट साडेसहा फुटांवर. या स्थितीत शार्प दिसणारा पट्टा साधारण सहा इंचांचा असतो. तिथेच ८५ एमएम लावली, की पट्टा दोन इंचांच्या आसपास येतो. दोन इंच! आपल्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर त्याहून जास्त आहे. डोळा शार्प ठेवला तर कान सॉफ्ट. नटाने वाक्य बोलताना मान जरा पुढे काढली, की आपण हललंच पाहिजे.

काकांची टेप

मी अटेंडंट म्हणून लागलो तेव्हा फिल्मचा जमाना संपत आला होता, पण संपला नव्हता. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सेटवर सगळे काका म्हणायचे, मीही काकाच म्हणेन. फॉलो फोकस तेव्हा पूर्ण यांत्रिक. लेन्सच्या रिंगवर दात असतात, त्यात एक गिअर अडकवायचा आणि कॅमेऱ्याच्या बाजूला लावलेलं चाक हाताने फिरवायचं. चाकाजवळ एक पांढरी तबकडी, तिच्यावर पेन्सिलने खुणा. पहिली खूण, दुसरी खूण, नट दारात, नट टेबलापाशी. चाकाला लांबवायचं असेल तर वळणारा दांडा लावायचा, त्याला व्हिप म्हणतात. तरी तुम्ही कॅमेऱ्यापासून हातभरच लांब. ट्रॉली चालली की तिच्यासोबत चालायचं, जिबवर कॅमेरा चढला की डोकं खाजवायचं.

काका शॉटच्या आधी टेप टाकायचे. प्रत्येक सिने कॅमेऱ्याच्या अंगावर एक खूण असते, गोल आणि त्यावरून गेलेली रेघ. फिल्म किंवा सेन्सर नेमका तिथे असतो. अंतर तिथून मोजायचं, लेन्सच्या काचेपासून नाही. तिथल्या हुकाला टेपचं टोक अडकवायचं आणि नटाच्या डोळ्यापर्यंत न्यायची. टेप डोळ्यात जाऊ नये म्हणून शेवटचा वीतभर भाग काका बोटांच्या आत धरायचे. मोठी नटी असेल तर आधी “मॅडम, टेप येतेय” असं सांगायचे.

४०० फुटांचा ३५ एमएमचा रोल, २४ फ्रेमच्या वेगाला, साडेचार मिनिटांच्या आत संपतो. तेव्हाचा व्हिडिओ असिस्ट इतका गढूळ, की त्यावर फोकस बघणं म्हणजे विहिरीत तोंड बघण्यासारखं. शॉट शार्प होता की नव्हता ते लॅबमधून रशेस आल्यावर कळायचं. म्हणजे काकांना फोकस *दिसत* नव्हता. त्यांना अंतर दिसत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, त्यावर परत येणार आहे.

वायरलेस आला, म्हणजे काय आलं?

नवीन माणसाला हे प्रकरण अवघड वाटतं, पण तीनच वस्तू आहेत. लेन्सला चिकटणारी मोटर. मोटरला हुकूम देणारा रिसीव्हर, जो काही सिस्टिममध्ये वेगळा डबा असतो आणि काहींमध्ये मोटरच्या पोटातच असतो. आणि तुमच्या हातातलं हँड युनिट, म्हणजे चाक असलेला रिमोट. चाक जितकं फिरवाल त्या प्रमाणात मोटर लेन्स फिरवते. चाकावर पांढरी रिंग असते, तिच्यावर खुणा करायच्या. काकांची तबकडीच ती, फक्त कॅमेऱ्यापासून सुटून हातात आलेली.

कल्पना नवीन नाही. १९७० च्या दशकात स्टेडीकॅम आला. अंगावर बांधलेला कॅमेरा घेऊन ऑपरेटर जिना चढतोय आणि फोकस पुलर लेन्सला हात लावून शेजारून पळतोय, हे शक्यच नव्हतं. कॅमेऱ्याला स्पर्श झाला की तरंगणं बिघडतं. त्यामुळे दुरून फोकस चालवायची गरज तिथून पुढे वाढत गेली. हॉलिवूडमध्ये प्रेस्टनची सिस्टिम अनेक वर्षं पक्की मानली गेली, ॲरीची डब्ल्यूसीयू ४ आली, नंतर हाय ५ आली. हे सगळं आपल्याकडे फक्त मोठ्या युनिटसोबत यायचं. मग टिल्टाच्या न्यूक्लियससारख्या स्वस्त सिस्टिम आल्या आणि चित्र बदललं. आज कॉलेजातली पोरंसुद्धा गिंबलवर वायरलेस मोटर लावून शूट करतात. मला याचा आनंदच आहे.

वायरलेसने आम्हाला दिलं ते एकच : कॅमेऱ्यापासून सुटका. चालत्या गाडीच्या बॉनेटवर कॅमेरा बांधलाय, मी मागच्या सीटवर. जिब वीस फूट वर गेलाय, मी जमिनीवर. अरुंद चाळीच्या खोलीत नट, कॅमेरामन आणि बूमवाला एवढेच मावतात, मी गॅलरीत.

आता प्रश्न हा, की या सुटकेचं आम्ही केलं काय?

रिंगण

काही वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमाचं काम होतं. नाव सांगत नाही. कथेत वारीचा मोठा भाग होता आणि दिग्दर्शकाने ठरवलं होतं की तो खऱ्या वारीतच शूट करायचा. गर्दी उभी करायची नाही, गर्दीत जायचं.

एक शॉट रिंगणातला होता. सोलापूर जिल्ह्यात सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला माउलींच्या पालखीचं गोल रिंगण होतं. ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मोकळ्या मैदानात वारकऱ्यांचं कडं, टाळ-मृदंग, पताका, आणि मधून दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. अश्व धावून गेले, की लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात.

शॉट असा होता. आमचा नट वारकऱ्यांच्या कड्यात उभा. कॅमेरा गिंबलवर, नटापासून आठ फुटांवर, ८५ एमएम. अश्व लांबून येणार, फोकस त्याच्यावर. तो जवळून निघून जाणार. मग नट पुढे होऊन वाकणार, माती उचलणार, कपाळाला लावणार आणि मान वर करणार. तिथे फोकस त्याच्या डोळ्यांवर. कथेत हा माणूस बापाच्या मरणानंतर पहिल्यांदा वारीला आलेला असतो. सिनेमाचा कणाच तो शॉट होता. कॅमेरामनला मागची गर्दी विरघळलेली हवी होती, म्हणून ढगाळ उजेडातही एनडी लावून टी २.८. आठ फुटांवर हिशोब केला तर शार्प पट्टा साडेचार इंच.

दुसरा टेक नाही. माउलींच्या अश्वाला ‘वन मोर’ कोण म्हणणार?

सकाळी मैदान रिकामं असताना मी चाचणी घेतली. कॅमेऱ्यापासून तीनशे पावलांवर गेलो, मोटर मुकाट ऐकत होती. मी खूश. कडेला प्रॉडक्शनचा टेम्पो उभा होता, त्यावर ताडपत्री, खाली मोठा मॉनिटर. मी तिथे बसायचं ठरवलं. पाऊस येण्याची लक्षणं होती, गर्दीत धक्के बसणार होते आणि मॉनिटर छान मोठा होता.

आमच्या साउंडच्या दादाने नटापासून सहा फुटांवर बाजूला उभं राहायला जागा धरली होती. तो मला म्हणालाही, “अरे, इथे ये, दोघं मावतो.” मी म्हटलं, “नको, मला तिथून जास्त स्पष्ट दिसतं.”

रिंगण सुरू झालं. माझ्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये सकाळी नुसतं गवत होतं, आता हजारो माणसं होती. अश्व निघाला. मी मॉनिटरवर बघत चाक फिरवत होतो. बऱ्यापैकी चाललंय असं वाटत होतं. मग अश्व अगदी जवळ आला आणि हँड युनिटवरचा दिवा लाल झाला. मी चाक फिरवतोय, चित्र बदलत नाही. सिग्नल तुटला की मोटर होती तिथेच थांबते. अश्व निघून गेला. नट वाकला, माती उचलली, कपाळाला लावली, मान वर केली. त्याच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, ते आकारावरून कळत होतं. चेहरा मात्र धुक्यात होता.

पाच-सहा सेकंदांनी दिवा हिरवा झाला. तोपर्यंत सगळं संपलं होतं.

दिग्दर्शक गर्दीतून वाट काढत आले आणि एवढंच विचारलं, “फोकस?”

काकांनी एक नियम घालून दिला होता : फोकस गेला तर पहिल्या श्वासात सांगायचं. मी म्हटलं, “नाही सर. गेला.” ते काही बोलले नाहीत, टेम्पोच्या फळीवर बसून राहिले. मी जोडून म्हणालो, “सिग्नल गेला.” कॅमेरामनने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

अकलूजच्या लॉजवर

त्या रात्री मुक्कामाला अकलूजला होतो. झोप येईना, म्हणून डेटा सांभाळणाऱ्या मुलाकडून क्लिप मागून घेतली आणि एकेक फ्रेम बघत बसलो. मनात कुठेतरी पक्कं होतं, की माझी चूक नाही, रेडिओची आहे.

लाल दिवा लागायच्या आधीचा भाग बघितला आणि तोंड उतरलं. सिग्नल व्यवस्थित होता, मोटर माझं ऐकत होती, आणि तरी अश्वाची शेपटी शार्प आणि तोंड सॉफ्ट होतं. जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये.

का, ते सांगतो. आमचा व्हिडिओ ट्रान्समिटर स्वस्तातला होता, चित्र साधारण ८० मिलिसेकंद उशिरा दाखवायचा. २४ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम म्हणजे जवळपास ४२ मिलिसेकंद, म्हणजे मी दोन फ्रेम जुनं चित्र बघत होतो. त्यात माणसाचं डोळ्यांनी बघून हात हलवणं, त्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. दोन्ही मिळून २८० मिलिसेकंद धरा. धावणारा घोडा सेकंदाला दहा मीटर सहज जातो. म्हणजे मी जिथे फोकस लावत होतो, तिथून अश्व पावणेतीन मीटर पुढे निघून गेलेला होता. मध्ये अख्खा घोडा मावेल एवढं अंतर!

सिग्नल तुटला हे खरं होतं. पण ते अर्धंच खरं होतं. सिग्नल राहिला असता तरी मी मागेच होतो.

मॉनिटर फोकस *कसा होता* ते सांगतो. कसा *होणार आहे* ते सांगत नाही. नट वाकायच्या आधी त्याचा खांदा खाली येतो, अश्व वळायच्या आधी त्याची मान वळते. हे बाजूला उभं राहून दिसतं, सात इंचांच्या काय किंवा सतरा इंचांच्या काय, मॉनिटरवर दिसत नाही. तो सपाट असतो. त्यात खोली नाही, आणि आमचा सगळा धंदा खोलीचा आहे.

वायरलेसने मला जगात कुठेही उभं राहायची मुभा दिली होती. अंतर सगळ्यात चांगलं दिसतं ते बाजूने, हालचालीला काटकोनात उभं राहून. काकांना ती जागा कधी मिळायची नाही, त्यांना कॅमेऱ्याला चिकटूनच राहावं लागायचं. मला ती जागा साउंडवाल्याने धरून ठेवली होती. आणि मी ताडपत्रीखाली जाऊन बसलो.

इथे एक जुनं उदाहरण आठवतं. स्टॅन्ली कुब्रिकच्या १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग ५० एमएम, एफ ०.७ च्या झाइस लेन्सवर घेतले होते. इतक्या उघड्या लेन्सवर पट्टा किती पातळ असेल विचार करा. तिथे फोकस पुलर डग्लस मिलसमसाठी एक वेगळा व्हिडिओ कॅमेरा काटकोनात, बाजूला लावला होता. मॉनिटर त्याच्याकडेही होता, पण तो त्यावर शार्पनेस बघत नव्हता. नट किती पुढे-मागे झाला ते बघत होता. म्हणजे अंतर!

रेडिओ का तुटला?

आता तांत्रिक भाग, कारण तोही महत्त्वाचा आहे. बऱ्याचशा सिस्टिम २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. त्याच पट्ट्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे. सकाळी मैदानात चार फोन होते, दुपारी हजारो. शिवाय या लहरींना पाणी आवडत नाही, आणि माणूस म्हणजे बहुतांश पाणीच. गर्दी ही रेडिओच्या दृष्टीने भिंत असते. मी रिकाम्या मैदानात चाचणी घेतली, म्हणजे भिंत बांधायच्या आधी दार उघडतं का ते बघितलं.

तिसरी गोष्ट माझ्याच हातची. रिसीव्हर मी गिंबलवर कॅमेऱ्याच्या मागे, बॅटरी आणि व्हिडिओ ट्रान्समिटरच्या सांदीत चिकटवला होता, तिथे जागा होती म्हणून. एका बाजूला धातू, दुसऱ्या बाजूला बडबडणारा दुसरा ट्रान्समिटर.

म्हणून आता माझी पद्धत अशी :

चाचणी गर्दीत घ्यायची. गर्दी नंतर येणार असेल, तर शॉटच्या दहा मिनिटं आधी परत घ्यायची. सिस्टिममध्ये चॅनेल बदलता येत असतील तर दोन-तीन चॅनेल बघून ठेवायचे आणि बदलायचं कसं ते हाताला पाठ हवं. रिसीव्हरचा अँटेना मोकळा आणि उभा ठेवायचा, हँड युनिटचाही उभा. आणि रेंज कागदावर कितीही लिहिलेली असो, मला कॅमेरा नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर मी त्या जागेवर उभा राहत नाही.

केबल सोबत ठेवायची. अनेक चांगल्या सिस्टिममध्ये हँड युनिट वायरने जोडता येतं. वायरलेस गिअरच्या पेटीत ती वायर सगळ्यात खाली, न उघडलेल्या पिशवीत असते. भाड्याने घेताना ती मागा, लावून बघा. परत न मिळणारा शॉट असेल आणि कॅमेरा फार पळणार नसेल, तर मी आजही वायर लावतो. मुलं हसतात. हसू दे.

मोटर लावताना घाई नको. गिअरचे दात लेन्सच्या दातांत नीट बसायला हवेत. सैल असेल तर खेळ राहतो, चाक फिरवल्यावर क्षणभर काहीच होत नाही. फार आवळली तर लेन्सवर ताण येतो, मोटर कुंथते आणि तो आवाज साउंडवाल्याला ऐकू जातो. लेन्स बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा. मोटर दोन्ही टोकांना जाऊन लेन्सची हद्द शोधते, ते होऊ द्यायचं. कॅमेऱ्याची बॅटरी बदलली आणि मोटरची वीज तिथूनच येत असेल, तर मोटरही बंद होऊन परत सुरू होते. त्यानंतर एक खूण तपासल्याशिवाय ‘रेडी’ म्हणायचं नाही.

कुठला घेऊ?

आलो प्रश्नावर. आधी स्वतःची लेन्स बघा, मग गिअर.

मिररलेसच्या बऱ्याच लेन्समध्ये फोकसची रिंग काचेला यांत्रिकरीत्या जोडलेली नसते, ती फक्त आतल्या मोटरला इशारा देते. त्यातल्या अनेक लेन्सवर रिंग हळू फिरवली तर एक अंतर, झटकन फिरवली तर वेगळं. अशा लेन्सवर खूण करून उपयोग नाही, कारण दुसऱ्या वेळी त्याच खुणेवर फोकस दुसरीकडे असतो. गिअर कितीही महाग लावा. तुमच्याकडे अशी लेन्स असेल तर मोटरचे पैसे वाचवा आणि दोन दिवसांसाठी यांत्रिक रिंगची लेन्स भाड्याने घ्या. जुन्या मॅन्युअल लेन्सही चालतात. त्यांना दात नसतात, वरून दात असलेली पट्टी चढवावी लागते. निकॉनच्या लेन्स उलट्या दिशेने फिरतात, त्यासाठी हँड युनिटमध्ये दिशा बदलायची सोय असते. फोटोच्या लेन्सची रिंग सहसा थोडीच फिरते, सिने लेन्सची जवळजवळ पूर्ण वर्तुळ. म्हणजे सिने लेन्सवर बारीक चूक सावरायला जागा जास्त.

लेन्स ठीक असेल, एकट्याने किंवा दोघांनी गिंबलवर काम करत असाल, तर छोटी आणि स्वस्त मोटरही पुरते. जड सिने लेन्स असेल तर मोटरला जोर हवा, तिथे थोडी मोठी घ्या. प्रेस्टन, ॲरी वगैरे तुम्ही विकत घेणार नाही आहात, ते भाड्याने मिळतं आणि त्यासोबत ते कळणारा माणूसही घ्यावा लागतो. गिअर बदलून सगळं सुटेल असं वाटत असेल तर तसं होत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी त्या दिवशी स्वतःच केलं होतं, म्हणून सांगतोय.

ऑटोफोकस आणि लायडारबद्दल विचारता, तेही सांगतो. डीजेआयच्या फोकस प्रोसारखी सिस्टिम लायडारने अंतर मोजते आणि मोटर स्वतः फिरवते. मी वापरलीय. एकटा माणूस समोरून चालत येतोय, तिथे ती माझ्याइतकीच चांगली, थकल्यावर माझ्यापेक्षा चांगली. पण दोन माणसं बोलतायत आणि बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा आहे, हे तिला कोणी सांगायचं? फोकस एकावरून दुसऱ्यावर वाक्याच्या आधी न्यायचा, वाक्यावर न्यायचा, की वाक्य संपून एक श्वास गेल्यावर? तिन्हींचा अर्थ वेगळा होतो. ते ठरवणं हे अजून माणसाचं काम आहे. साधन म्हणून जरूर वापरा. मला तर आनंद आहे, की मशीनसुद्धा शेवटी अंतरच मोजतंय.

घरचा रियाज

त्या सिनेमात तो शॉट वापरला गेला नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याने लांबून घेतलेल्या वाइडमधला तुकडा लावला. त्यात कड्यातला एक ठिपका पुढे होतो, वाकतो, परत मागे येतो. बघणाऱ्यांना काही कमी वाटलं नसेल. मला आणि त्या नटाला माहितीये. त्याने मला कधीच काही म्हटलं नाही, उलट पुढच्या कामाला माझं नाव सुचवलं. तेव्हापासून मी त्याच्या शॉटला मॉनिटरपाशी उभा राहिलेलो नाही. छोटा मॉनिटर हँड युनिटवर लावलेला असतो, मधून नजर टाकतो, पण डोळे माणसावर.

शेवटी काकांनी मला लावलेला रियाज देतो. पैसे लागत नाहीत, फक्त एक टेप लागते. घरात कुठेही बसा. फ्रिजकडे बघा आणि मोठ्याने म्हणा, “साडेनऊ फूट.” मग मोजा. दाराची कडी, समोर जेवणारी आई, गॅलरीतली कुंडी. आधी फुटाची चूक होईल, महिन्याभरात सहा इंचांवर येईल. बस स्टॉपवर उभे असाल तर येणाऱ्या माणसाला मनात मोजत राहा : वीस, पंधरा, बारा, दहा. चालणाऱ्याचं जमलं की धावणाऱ्याचं. माझी बायको अजून वैतागते, कारण लग्नकार्यात कोणी समोरून आलं की मी आधी त्याचे फूट मोजतो आणि मग नमस्कार करतो.

हे आलं की मग मला परत विचारा कुठला वायरलेस घेऊ. बहुधा विचारायची गरज पडणार नाही.

पुढच्या भागात डेटा सांभाळणाऱ्या मुलांबद्दल बोलू, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. तोवर टेप काढा. भेटू.